सावली न पडलेल्या दिवसाची बारी

बेल्मिराला कुणी हसताना पाहिलं असेल तर त्याने माझ्या कॅफेत यावं, मी त्याला जन्मभर फुकट वाइन पाजीन. पोर्तुगालच्या डोंगरातल्या या आग्रेला गावात लग्नानंतरचं माझं सगळं आयुष्य गेलं. तरी गाव मला अजून घरजावईच म्हणतं, कारण मी समुद्राकडचा, आणि ओलिंदाशी लग्न करून या डोंगरात येऊन पडलो. इतक्या वर्षांत मी या गावातलं प्रत्येक तोंड हसताना, रडताना आणि झिंगताना पाहिलं. बेल्मिराचं तोंड मात्र परवापर्यंत कायम एकच. काळा झगा, काळा रुमाल, आणि कपाळावर अशी आठी की समोरच्याला आपण काहीतरी चोरलंय असंच वाटावं.

ती आमची पाटकरीण. गावाच्या वरच्या अंगाला एक झरा आहे आणि त्याच्याखाली, चर्चच्या मागेच, एक दगडी हौद. हौदाच्या तळाशी भोक, त्यात चिंध्या गुंडाळलेला, लांब दांड्याचा लाकडी दट्ट्या. दट्ट्या उपसला की पाणी पाटाने खाली मळ्यांत उतरतं. कुणी कधी उपसायचा, त्याची बारी ठरलेली. ती घड्याळावर चालत नाही. चर्चच्या घंटेच्या कमानीची सावली दुपारनंतर हौदाच्या काठावर चढते, तिथे पणजोबा-खापरपणजोबांच्या काळात कोरलेल्या खुणा आहेत. सावली तुमच्या खुणेला लागली की पाणी तुमचं, पुढच्या खुणेला लागली की संपलं. त्यापुढे एक तांब्या घेतला तरी चोरी.

हे पाणी माणसांना वेडं करतं. बेल्मिराचा बाप एल्युतेरिओ पाटकरी होता. एका उन्हाळ्यात खालच्या मळ्यातल्या कुश्तोदिओच्या बापाने सावली यायच्या आधीच दट्ट्या काढला. एल्युतेरिओ अडवायला गेला, तर त्याच्या हातावर फावडं बसलं. तो हात पुन्हा कधी धड वळला नाही. तेव्हापासून बापाच्या वतीने दट्ट्या काढायला-घालायला परकरी पोर बेल्मिरा उभी राहू लागली. बाप गेल्यावर तिला तू पाटकरीण होतेस का असं कुणी विचारलं नाही, आणि तिनेही कुणाला विचारलं नाही. नवरा फ्रान्सला बांधकामावर होता, दर ऑगस्टला यायचा. एका ऑगस्टला तो पेटीतून आला. मुलगा तिकडेच राहिला, रविवारी फोन करतो. म्हणजे तिच्याजवळ म्हणून उरलं ते काय, तर ही बारी.

आणि ती काय पाळली तिने! ओलिंदा बाळंतपणात अडली होती तेव्हा माझी बारी सुरू होती. मी दट्ट्या काढून घरी पळालो आणि परत यायला उशीर झाला. बघतो तर दट्ट्या जागेवर, आणि बेल्मिरा शेजारी उभी. म्हणाली, लेकरू झालं की त्याची वेगळी बारी लावू, तुझी संपली. पाद्रीबाबांनी एकदा चर्चच्या भाजीसाठी जरा जास्त पाणी मागितलं, तर त्यांनाही तिने हात हलवत परत पाठवलं. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण आमच्या गावात पाण्यावरून पुन्हा कुणाचा हात मोडला नाही, हेही तितकंच खरं.

कुश्तोदिओ आणि ती एकमेकांशी बोलत नसत. त्याच्या बारीला ती हौदावर उभी राही आणि तो आला की आभाळाकडे बघत म्हणे, सावली आली. तोही दट्ट्याकडे बघत म्हणे, दिसतंय. एवढाच त्यांचा संसार.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो.

पोर्तुगालच्या मधल्या डोंगरात उन्हाळ्याला आग लागणं आम्हाला नवं नाही. पण त्या वर्षी ऑगस्ट सुरू झाला तो पंचेचाळीस अंशांनी. रात्रीही भिंती भाजत होत्या. दाराची कडी हातात धरवत नव्हती. द्राक्षं वेलीवरच सुकून गेली, कोंबड्या चोच उघडी टाकून पडून राहायच्या. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. एरवी रात्रीत भरणारा हौद भरायला आता दिवसच्या दिवस लागत, म्हणून एकेकाची बारी आठवड्यावर गेली. सगळ्यांचा मका माना टाकून उभा. आमच्या भोवतीच्या डोंगरांवर पाइन आणि निलगिरी, आणि त्या निलगिरीची साल इतकी वाळलेली की वारा आला की ती कागदासारखी सळसळायची. कॅफेत पत्ते खेळणारे खेळता खेळता मान वर करून हवेचा वास घेत. मी स्वतः पहाटे उठून चार दिशांना बघून येत होतो.

पालिकेने बेल्मिराला गावाची सुरक्षा-प्रमुख केलं होतं. नारिंगी जाकीट, एक शिटी आणि सूचना एवढीच की आग आली तर सगळ्यांना चर्चमध्ये घ्यायचं, दारं-खिडक्या बंद करायच्या आणि बाहेर पडायचं नाही. चर्चच्या दारावर तशी पाटीही लागली. हौदाशी एक पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप आणि लांब नळी ठेवली, म्हणजे बंब येईपर्यंत चर्चवर पाणी मारता येईल. काळ्या झग्यावर ते नारिंगी जाकीट बघून मी म्हणालो, बेल्मिराबाई, आता तुम्ही रस्ता दुरुस्तीवाल्या दिसता. तिने जाकिटाची बटणं लावली आणि ती हौदाकडे निघून गेली.

गुरुवारी सकाळी सगळ्यांचे फोन एकदम वाजले. आगीचा मोठा धोका, सूचना पाळा. पाठोपाठ पोलिसांची जीप आली. पलीकडच्या खोऱ्यात आग लागली आहे, वारा तुमच्याकडे वळू शकतो, दुपारी बस पाठवतो, तयार राहा. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते निघून गेले. उरलो आम्ही म्हातारे. माझी ओलिंदा, जिचे गुडघे केव्हाच गेलेत. लिओपोल्दिना मावशी, जी नव्वदीची आहे आणि खाटेवरून खुर्चीत येते तोही सोहळा असतो. आणखी काही जण. आणि कुश्तोदिओ, कारण संध्याकाळी त्याची बारी होती आणि तो आठवडाभर त्याच पाण्याची वाट बघत होता.

बस आली नाही. दुपारी बेल्मिराने फोन लावला तेव्हा कळलं की आगीने खालचा रस्ता ओलांडला आहे. बंब दुसऱ्या गावात अडकले होते आणि धूर इतका की आगीवर पाणी टाकणारी विमानं खाली येऊ शकत नव्हती. फोनवरचा अधिकारी दमलेला होता, पण नीट बोलला. म्हणाला, सगळ्यांना चर्चमध्ये ठेवा, हौद भरलेला ठेवा, पंप चालू करायची वेळ आली तर करा, बाहेर पडू नका. आम्ही जमेल तसे येतो.

तोवर डोंगरामागून धूर चढून सूर्य गेला होता. म्हणजे होता, पण गंजलेल्या पैशासारखा, आणि जमिनीवर कशाचीच सावली नव्हती. माणसांची नाही, झाडांची नाही. हातांवर राख पडत होती. मला खरंच भीती वाटत होती. मी दर थोड्या वेळाने ओलिंदाला पाणी पितेस का विचारत होतो, आणि ती म्हणाली, अरे, मला काही झालं तर ते तुझ्या पाणी पाजण्यानेच होईल.

कुश्तोदिओ फावडं खांद्यावर टाकून हौदावर आला. बेल्मिरा काठावर बसली होती. मी पंपात पेट्रोल ओतत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

“माझी वेळ झाली,” तो म्हणाला. त्याने मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

“सावली कुठाय?” बेल्मिरा म्हणाली. “सावली नाही तर बारी नाही. आज हौद कुणाचाच नाही.”

“सूर्य काय मी झाकलाय?”

“कुश्तोदिओ, आग येतेय. हे पाणी चर्चला लागणार.”

“तुझ्या बापाला माझ्या बापाने मारलं, त्याचं उट्टं आज काढतेस. आठ दिवस थांबलोय मी. बाकी सगळ्यांनी आपापलं पाणी घेतलं, माझ्याच वेळी तुला आग आठवली.”

ती दट्ट्याच्या दांड्यावर पाय ठेवून बसून राहिली. तो शिव्या घालत गेला. मी आजवर तिला बारी मोडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मनात म्हटलं, शहाणी आहे बाई. असं मला तेव्हा वाटलं, हे लक्षात ठेवा.

मग आम्हाला लिओपोल्दिना मावशीला आणायचं होतं. ती घर सोडायला तयार नव्हती. तिच्या खाटेखाली खारवलेलं मांस होतं आणि ते मांजर खाईल ही तिला आगीपेक्षा मोठी चिंता. बेल्मिराने मांस उचललं, मी मावशीला उचललं, हातगाडीत घातलं आणि चर्चमध्ये नेलं. मावशी वाटभर मला सांगत होती की तिच्या सासऱ्याची हातगाडी यापेक्षा बरी होती. सगळ्यांना आत बसवलं, ओल्या चादरी दारांच्या फटींना लावल्या. या कामात बराच वेळ गेला, आणि तेवढा वेळ हौदावर कुणी नव्हतं.

बाहेर आलो तर आवाज सुरू झाला होता. ज्यांनी तो ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. डोंगराच्या धारेवर आधी लाल रेघ दिसली, मग झाडंच्या झाडं एकदम पेटायला लागली. निलगिरीच्या सालीचे जळते तुकडे वाऱ्यावर आमच्या डोक्यांवरून उडत होते. बेल्मिरा ओरडली, पंप लाव. मी दोरी ओढली. पंप सुरू झाला, नळी फुगली, एक पिचकारी उडाली आणि पंप खोकायला लागला. मी पुन्हा ओढली. पुन्हा खोकला.

बेल्मिराने हौदात वाकून बघितलं. तळाला चिखल होता. दट्ट्या काठावर नीट, पुसून ठेवलेला होता, जसा बारी असताना ठेवतात तसा.

ती पाटाच्या कडेने खाली धावत सुटली. त्या वयात, त्या झग्यात, ते जाकीट फडफडत. मी मागे. कुश्तोदिओचा मळा गावाच्या खालच्या अंगाला आहे, तीन बाजूंनी दगडी बांध, आणि जवळपास झाड नाही. मक्यात कुश्तोदिओ पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभा राहून दारं धरत होता. एका सरीचं तोंड बंद करत होता, दुसरीचं उघडत होता. वर डोंगर पेटलाय आणि हा मका भिजवतोय. मला त्याचा इतका संताप आला की मी हातात दगड उचलला होता. बेल्मिराने त्याच्या हातातून फावडं हिसकलं आणि डोक्यावर उचललं. तो हललाही नाही. मला वाटतं, त्याला तेव्हाच कळलं होतं आपण काय केलं ते. त्याने फक्त मान खाली घातली.

फावडं तसंच वर राहिलं. बेल्मिरा आपल्या पायांकडे बघत होती. तिच्या चपला चिखलात रुतल्या होत्या, झगा गुडघ्यापर्यंत भिजला होता. मग तिने मक्याकडे पाहिलं. हौदातलं सगळं पाणी त्या मळ्यात होतं. सऱ्या तुडुंब, पानं खालून वर चमकत होती. गावात त्या घटकेला दुसरं काहीही ओलं नव्हतं.

“सगळ्यांना इकडे आण,” ती मला म्हणाली.

मी म्हणालो, साहेबाने फोनवर सांगितलंय, चर्चमधून हलायचं नाही. पाटी लावलीय. आता आग धारेवरून उतरतेय आणि तू म्हाताऱ्यांना उघड्यावर आणतेस?

“पंप नाही. मग चर्चमध्ये काय आहे? लाकडी छप्पर आहे.” तिने फावडं चिखलात टाकलं. “मला ठाऊक नाही, बाबा. पण आण.”

मी पळालो. ते कसं केलं ते मला सलग आठवत नाही. ओलिंदाला मी पाठीवर घेतलं, ती माझ्या कानात येशूचं नाव घेत होती आणि मधेच म्हणत होती, डावीकडे खड्डा आहे, आंधळ्या. कुश्तोदिओ आमच्या आधी वर पोचला होता. त्याने लिओपोल्दिना मावशीची हातगाडी धरली आणि तो पायऱ्यांवरून ती अशी उतरवत होता की एक चाक निखळलं, मग त्याने मावशीलाच खांद्यावर टाकलं. बाकीचे एकमेकांचे हात धरून आले. दोन वेळा मी मागे बघितलं आणि दोन्ही वेळा आग होती त्याहून जवळ होती.

आम्ही सऱ्यांमध्ये पालथे पडलो. बेल्मिरा एकेकाच्या अंगावर चिखलात बुडवलेल्या चादरी टाकत फिरत होती, तोंड चिखलात ठेवा, वर बघू नका असं सांगत. शेवटी तीही पडली. मी ओलिंदाच्या अंगावर अर्धा आडवा होतो. कानात गरम वारा घुसत होता, पाठीवरची चादर वाफाळायला लागली. श्वास घेतला की छातीत सुई. मला पक्कं वाटलं, आता संपलं. शेजारच्या सरीतून कुणीतरी लहान मुलासारखं रडत होतं. तो कुश्तोदिओ होता.

आग बांधांच्या दोन्ही बाजूंनी गेली. मळ्याच्या कडेचा मका भाजला, आतला उभा राहिला. आम्ही मान वर केली तेव्हा चर्चचं छप्पर आत कोसळलं होतं, आणि बाकांसकट सगळं पेटलेलं होतं. बंब आले ते अंधारायच्या वेळी. काळीठिक्कर तोंडं, सुजलेले डोळे, आमच्याच तालुक्यातली नोकरी-धंदा सांभाळून आग विझवणारी माणसं. त्यांच्यातला नायक सरीत बसलेल्या आम्हाला मोजत होता आणि मोजता मोजता खाली बसला. मी त्याला विचारलं, पंप चालला असता तर चर्च वाचलं असतं का? तो म्हणाला, असल्या आगीत तुमचा अख्खा हौद म्हणजे थुंकी.

बेल्मिरा तिथेच उभी होती. तिने ते ऐकलं.

घरं बरीच गेली. बेल्मिराचं गेलं, कुश्तोदिओचंही गेलं. माझं कॅफे राहिलं, त्याबद्दल लोक मला अजून टोमणे मारतात. मग टीव्हीवाले आले, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं की पाटकरणीने आधीच मळा भिजवून ठेवला होता. दोन दिवस बेल्मिरा देशाची आजी झाली. तिसऱ्या दिवशी तिने कॅमेऱ्यासमोर सरळ सांगितलं, मी हौद बंद ठेवायला सांगितला होता, कुश्तोदिओने पाणी चोरलं. मी म्हणत होते तसं झालं असतं तर या सगळ्यांची राख झाली असती. बातमीदाराला ते गैरसोयीचं वाटलं असावं, कारण ते दाखवलं नाही.

कुश्तोदिओ टोपी हातात घेऊन तिच्याकडे आला. माझ्याच कॅफेत, माझ्यासमोर. माफ कर म्हणाला.

“माफी कशाची मागतोस?” ती म्हणाली. “चोरी केलीस, ती चोरीच. पण तू माझं ऐकलं असतंस, तर ही माणसं चर्चमध्येच जळाली असती. मीच त्यांना आत बसवून बाहेरून दार लावलं होतं. रोज झोपताना मला ते दार दिसतं.”

तो टोपी हातात फिरवत राहिला. मीही पेला पुसत राहिलो.

त्यानंतर ती हौदावर आली नाही. लाकडी शेडमध्ये राहायची, पालिकेने दिलेल्या. आम्हीच आपसांत पाणी वाटून घेऊ लागलो, म्हणजे भांडू लागलो. कुश्तोदिओ दोनदा तिला बोलवायला गेला. तिने दार उघडलं नाही.

परवा, म्हणजे या जुलैत, पुन्हा फोन वाजले. उत्तरेकडे धूर दिसत होता. या वेळी बस वेळेवर आली आणि चौकात उभी राहिली. तरुण पोलीस विचारत होता, येताय की थांबताय, लवकर ठरवा, खालचा रस्ता आत्ता मोकळा आहे, नंतरचं सांगता येत नाही. कुणी म्हणालं निघू. कुणी म्हणालं, मागच्या साली शेजारच्या काझाल गावची माणसं रस्त्यातच गाठली होती आगीने, मळ्यात जाऊ. सगळे एकदम बोलायला लागले. पोलिसाने वैतागून विचारलं, तुमच्यात ठरवतं कोण?

“ती,” कुश्तोदिओ म्हणाला. त्याने शेडच्या दारात उभ्या असलेल्या बेल्मिराकडे बोट दाखवलं. “ती सांगेल तसं.”

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. लिओपोल्दिना मावशीसुद्धा. बेल्मिरा पायरी उतरून आली, तिने धुराकडे पाहिलं, बसकडे पाहिलं, मग कुश्तोदिओकडे. तिचे ओठ हलत होते. त्या बाईला मी आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहत होतो.

“मला कळत नाही रे,” ती म्हणाली. “खरंच कळत नाही.”

ओलिंदा काठी टेकत पुढे गेली आणि बेल्मिराचा दंड धरून तिला बसकडे घेऊन गेली. बसची पायरी उंच होती, दोघींना ती एकदम चढता येईना. कुश्तोदिओने खाली वाकून बेल्मिराचा पाय उचलून पायरीवर ठेवला, आणि ती चढली, म्हणून आम्ही बाकीचेही चढलो.